ऑगस्टासारखा कोर्स हवा, पण कुठल्या सालचा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या गोल्फ क्लबाच्या जुन्या नऊ होलांचं काम निघालंय (होल म्हणजे टीपासून, पहिल्या फटक्याच्या जागेपासून, चेंडू घालायच्या खळग्यापर्यंतचा पट्टा). समितीतली मंडळी दर एप्रिलला रात्र जागून मास्टर्स ही अमेरिकेतली स्पर्धा बघतात, आणि आपला कोर्सही ती जिथे होते त्या ऑगस्टा नॅशनलसारखा करायचा यावर त्यांचं एकमत आहे. तुम्ही यादी दिली आहे: पांढऱ्या वाळूचे पंचवीसेक खड्डे, म्हणजे बंकर, दगडी पूल, फुलझाडांच्या रांगा, बारमाही हिरवंगार गवत. शिवाय सहाव्या होलाचं ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीचं बारीक कापलेलं गवत, दर पावसाळ्यात पाण्याखाली जातं, तर तिथे तळंच करून टाकावं असंही ठरत आलंय. यात काही राहिलं का, असं तुम्ही विचारता.

जमीन राहिली. पाणी कुठून कुठे वाहतं, चढ कुठे आहे, माती काळी की मुरमाड, यातलं काहीच यादीत नाही. ते कळल्याशिवाय तुमच्या अमुक होलाचं असं करा, तमुक होलाचं तसं करा, हे मी सांगणार नाही. तळ्याचा पैसा किती, पाणी किती, सभासदांचं सरासरी वय काय, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पण ऑगस्टा कसा घडला आणि त्यातलं काय उचलण्याजोगं आहे, हे मात्र नक्की सांगता येईल. पुणे-नाशिक पट्ट्यात कोर्सची आखणी, बांधणी आणि निगा यात माझी तीस वर्षं गेली. या काळात ऑगस्टाचा नकाशा मी जितक्या वेळा उलगडून बसलोय, तितका दुसऱ्या कुठल्याच कोर्सचा नाही.

आधी एक गोष्ट मनावर घ्या. टीव्हीवर दिसतो तो ऑगस्टा आणि १९३३ साली खुला झाला तो ऑगस्टा हे दोन वेगळे कोर्स आहेत. पहिला जगातला सगळ्यात खर्चिक कोर्स असेल. दुसरा बांधणाऱ्यांच्या खिशात पैसे नव्हते, आणि तुम्हाला शिकण्यासारखं जे आहे ते या दुसऱ्यात आहे.

बॉबी जोन्सने १९३० मध्ये एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतली. पेशाने तो अटलांटाचा वकील होता. गर्दीपासून दूर, मित्रांबरोबर खेळता येईल असा खाजगी कोर्स त्याला हवा होता. न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या व्यवसायात असलेला क्लिफर्ड रॉबर्ट्स त्याच्या सोबतीला आला, आणि १९३१ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा गावी ३६५ एकर जमीन ७०,००० डॉलरला घेतली गेली. ही जमीन आधी निळीचा मळा होती. १८५७ मध्ये बर्कमन्स या बेल्जियन कुटुंबाने ती घेतली आणि फ्रूटलँड नावाची मोठी रोपवाटिका उभी केली. जॉर्जियात पीचची लागवड फोफावली त्यात या रोपवाटिकेचा मोठा वाटा आहे. अझेलियाची झुडपंही तिथूनच लोकप्रिय झाली. क्लबहाउसकडे नेणाऱ्या रस्त्यावरची मॅग्नोलियाची दुतर्फा झाडं १८५० च्या दशकात लावलेली. म्हणजे तुमच्या समितीला भुरळ घालणारी हिरवाई ही कोर्सच्या आधीची पाऊणशे वर्षांची पुण्याई आहे. तिथल्या प्रत्येक होलाला झाडाचं किंवा झुडपाचं नाव आहे, आणि कुठल्या होलावर काय लावायचं हे ठरवायला बर्कमन्सांचाच एक मुलगा मदतीला होता. तुमच्या जमिनीवर कडुनिंब, बाभूळ, पळस असेल तर त्यांनाच आधी मोजा. अझेलियाला आम्लधर्मी माती आणि थंडी लागते. आपल्या काळ्या मातीत तिचा हट्ट धरू नका.

आता आखणी करणारा माणूस. ॲलिस्टर मॅकेन्झी हा शिक्षणाने डॉक्टर. बोअर युद्धात तो ब्रिटिश फौजेबरोबर होता. बोअर लोक जमिनीच्या घड्यांचा वापर करून कसे दिसेनासे होतात, हे त्याने तिथे बारकाईने पाहिलं. पुढे बंकर आणि उंचवटे अंतराबद्दल डोळ्याला फसवतील असे कसे बसवायचे, हे त्याने त्याच निरीक्षणातून विकसित केलं. १९२९ मध्ये पेबल बीचवरच्या स्पर्धेत जोन्स पहिल्याच फेरीत हरला, मोकळा झाला, आणि त्या दिवसांत मॅकेन्झीचे कॅलिफोर्नियातले कोर्स खेळला. दोघांचं जमलं ते एका मुद्द्यावर: दोघांचंही स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजवर प्रेम होतं. तिथे फेअरवे, म्हणजे टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवताच्या वाटा, रुंद आहेत, चेंडू जमिनीवरून पळवता येतो, आणि प्रत्येक फटक्याला एकाहून अधिक वाटा असतात.

काम सुरू झालं ते महामंदीच्या ऐन काळात. क्लबाचा बेत १,८०० सभासदांचा होता, प्रत्यक्षात पहिली स्पर्धा आली तोवर शंभरसुद्धा नव्हते. दुसरा कोर्स, टेनिस कोर्ट, सभासदांची घरं, सगळं रद्द झालं. मॅकेन्झीला ठरलेलं मानधनही पुरतं मिळालं नाही. जानेवारी १९३४ मध्ये तो वारला, आणि मार्चमध्ये पहिली स्पर्धा झाली. गवत धरलेला, खेळता झालेला ऑगस्टा त्याने पाहिलाच नाही. हे वाचलं की मला दर वेळी वाईट वाटतं.

पण त्या टंचाईत त्याने केलं काय? पूर्ण कोर्सवर त्याने तीसही बंकर ठेवले नाहीत. आज तिथे ४४ आहेत, आणि अठरा होलांच्या मानाने तेही कमीच. रफ, म्हणजे कडेचं वाढवलेलं गवत, जवळपास नव्हतंच. अडथळ्याचं सगळं काम उतारांवर सोपवलं. क्लबहाउस टेकाडावर आहे आणि खाली रेज क्रीक नावाचा ओढा. या दोहोंत दीडशे फुटांहून जास्त उतार आहे. टीव्हीचा कॅमेरा हा उतार खाऊन टाकतो, म्हणून तुमच्या समितीला बंकर आणि फुलं दिसतात आणि मुख्य गोष्ट निसटते. बांधकाम चालू असताना जोन्स स्वतः टीच्या जागांवर उभा राहून शेकडो चेंडू मारून बघत असे. नकाशावरची रेघ बरोबर आहे की नाही, हे त्याने चेंडूला विचारलं.

तेराव्या होलाचं उदाहरण घ्या, कारण ते एकदा कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. होल डावीकडे वळतं. डाव्या कडेने ओढ्याची एक शाखा जाते आणि शेवटी ग्रीनच्या समोरून आडवी होते. फेअरवे उजवीकडून डावीकडे, ओढ्याच्या बाजूला कललेला आहे. भीती वाटली तर उजवीकडे मारा, जागा भरपूर आहे, चेंडू हरवणार नाही. पण तिथून पुढचा फटका लांब पडतो, आणि चेंडू पायांपेक्षा उंचावर असतो. अशा उतारावरून उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे ओढला जातो, म्हणजे थेट पाण्याकडे. याउलट ज्याने पहिलाच फटका ओढ्याला चिकटून मारण्याची हिंमत केली, त्याला जवळचं अंतर आणि जवळजवळ सपाट जागा मिळते. पहिल्या फटक्याला दाखवलेल्या भित्रेपणाचा हिशेब दुसऱ्या फटक्याला होतो. यासाठी फेअरवेवर एकही बंकर खणावा लागला नाही. उतार होता, ओढा होता, मॅकेन्झीने फक्त ग्रीन कुठे ठेवायचं ते ठरवलं.

बारावं होल तर जेमतेम १५५ यार्डांचं. समोर ओढा, मागे बंकर आणि झुडपं. ग्रीन तिरकं बसवलंय: डावी बाजू टीपासून जवळ, उजवी लांब. उजव्या हाताच्या खेळाडूचा फटका चुकून उजवीकडे गेला की सहसा आखूड पडतो, डावीकडे ओढला गेला की लांब जातो. ग्रीनचा तिरकेपणा नेमका याच्या उलट आहे, म्हणून उजवीकडची चूक पाण्यात आणि डावीकडची मागच्या झुडपांत. डावखुऱ्यांना हाच तिरकेपणा साथ देतो. २००३ ते २०१४ या बारा वर्षांत सहा मास्टर्स डावखुऱ्यांनी जिंकल्या, त्याचं सगळं श्रेय या एका ग्रीनला देणं चूक ठरेल, पण मी आखणी शिकवताना हा आकडा सांगतोच. टायगर वूड्सने २०२० मध्ये याच होलावर दहा फटके घेतले. एका ग्रीनची दिशा वीस अंश फिरवायला पैसे लागत नाहीत. विचार लागतो.

आता तुमच्या सहाव्या होलाकडे वळण्याआधी ऑगस्टाच्या दहाव्याची गोष्ट. मॅकेन्झीने दहाव्याचं ग्रीन खोलगट जागेत ठेवलं होतं. तिथे पाणी साचायचं. १९३७ मध्ये पेरी मॅक्सवेल या आखणीकाराने ते उचलून मागच्या चढावर नेलं. होल लांब झालं, अवघड झालं, आणि माझ्या मते अख्ख्या कोर्सवरचं सर्वांत देखणं झालं. जुन्या ग्रीनजवळचा मॅकेन्झीचा मोठा बंकर आजही फेअरवेच्या मध्ये तसाच आहे. तो आता खेळात फारसा येत नाही, पण कुणी बुजवला नाही. दुसरा प्रकार नऊ-नऊ होलांच्या अदलाबदलीचा. १९३४ च्या पहिल्या स्पर्धेत आजचे शेवटचे नऊ आधी खेळले गेले. पण ओढ्याकाठची सखल, सावलीतली ग्रीन सकाळी दहिवराने गोठलेली असायची, खेळ खोळंबायचा. म्हणून १९३५ पासून क्रम उलटा केला. आज जगभर ज्या शेवटच्या नऊ होलांचं नाव घेतलं जातं, तो क्रम माळ्यांच्या अडचणीतून पक्का झाला आहे.

नंतरचे सगळेच बदल मला पटतात असं नाही. १९४७ मध्ये रॉबर्ट ट्रेंट जोन्स या आखणीकाराने (हा बॉबी जोन्स नव्हे) सोळावं होल तळ्याभोवती नव्याने बांधलं, ते आधीच्यापेक्षा निर्विवाद चांगलं आहे. अकराव्याच्या ग्रीनला त्याच सुमारास तळं आलं, तेही जमून गेलं. पण १९९७ मध्ये टायगरने बारा फटक्यांच्या फरकाने मास्टर्स जिंकल्यावर लांबी वाढवण्याची घाई सुरू झाली. तेव्हा ६,९२५ यार्ड असलेला कोर्स २००२ मध्ये ७,२७० झाला, आज साडेसात हजारांच्या वर आहे. १९९९ मध्ये फेअरवेच्या कडेला थोडं वाढवलेलं गवत आलं, काही होलांवर नवी झाडं लावून फेअरवे आवळले. लांबी वाढली ते एक वेळ समजतं, कारण चेंडू आणि क्लब बदलले. पण झाडांनी वाट आवळणं म्हणजे मूळ विचारावरच घाव आहे. खेळाडूला दोन वाटा देणं हा त्या कोर्सचा प्राण होता, आणि एक वाट झाडं लावून बंद केली की उरतो तो फक्त सरळ मारण्याचा कस.

आता गवताचं. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०१५ मध्ये तिथे खेळला, तेव्हा आमच्या कोर्सवरचे माळीही रात्री जागले होते. त्यातल्या सगळ्यांत जुन्या माळ्याने दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "साहेब, त्यांच्या फेअरवेला पट्टे का दिसत नाहीत?" बरोबर पाहिलं होतं त्यांनी. तिथे मोअर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, एकाच दिशेने, ग्रीनकडून टीकडे चालवतात. गवताची पाती टीकडे झुकतात आणि चेंडू कमी पळतो. समितीतल्या कुणाला हे दिसलं नव्हतं.

तिथलं उन्हाळी गवत म्हणजे आपली हरळीच, तिचे सुधारित वाण. जॉर्जियाच्या थंडीत हरळी तपकिरी पडते, म्हणून आपण रब्बीचा पेरा करतो तसं ते ऑक्टोबरमध्ये तिच्यावर राय गवत पेरतात. एप्रिलमध्ये दिसते ती हिरवाई या रब्बीची. मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत कोर्स बंद असतो. तुमचा क्लब पाच महिने सभासदांना बाहेर ठेवू शकेल का? आपल्याकडे तर हरळी थंडीत तशी मरगळत नाही, तेव्हा रायवर पैसा घालण्याचं कारणच नाही. उन्हाळ्यात ती थोडी पिवळसर होईल, होऊ द्या. टीव्ही बघून सगळीकडे तसाच हिरवेपणा मागण्याच्या या आजाराला आमच्या व्यवसायात 'ऑगस्टा सिंड्रोम' असं नावच आहे.

ग्रीनबद्दल एक तांत्रिक पण महत्त्वाची गोष्ट. ऑगस्टाची ग्रीनसुद्धा १९८० पर्यंत हरळीच्या जातीची होती, तिथले मूळ उतार त्या संथ गवतासाठी काढलेले होते. १९८१ च्या मास्टर्सला बेंट नावाचं बारीक पात्याचं गवत आलं, वेग वाढला आणि मग काही ग्रीनचे उतार सौम्य करावे लागले. वेगवान ग्रीनवर शंभर फुटांत तीन फुटांपेक्षा जास्त उतार असला की खळग्याजवळ चेंडू थांबत नाही. तुम्हाला ठसठशीत उतार हवे असतील तर वेगाचा मोह सोडा, आणि वेग हवा असेल तर उतार सोडा. ऑगस्टाला दोन्ही थोडंफार जमतं, कारण तिथे ग्रीनखालून हवा खेळवून ओल शोषून घेणारी यंत्रणा आहे, आणि ती तिथल्याच मार्श बेन्सन यांनी शोधली. तो खर्च तुमच्या आवाक्यातला नाही. पांढरी वाळू म्हणाल, तर ती नॉर्थ कॅरोलिनातल्या खाणींमधून फेल्डस्पार हे खनिज काढताना निघणारं क्वार्ट्झ आहे. आपल्याकडची क्रश सँड बेसाल्टची, काळसर आणि टोकदार. तिने बंकर चमकणार नाहीत.

बंकरच्या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका क्लबाने माझ्याकडून एकाच होलावर अकरा बंकर करून घेतले. मी विरोध केला, पण पुरेसा नाही. पहिल्याच पावसाळ्यात उभ्या काठांवरची वाळू खाली आली, काळ्या मातीशी कालवली गेली, आणि चार माळी आठवडाभर फावडी मारत राहिले. दोन वर्षांनी आम्ही सात बुजवले. तिथे बारीक कापलेले उतार ठेवले, ग्रीनवरून सुटलेला चेंडू वीस पावलं खाली घरंगळत जाईल असे. त्यानंतर सभासद त्या होलाबद्दल जेवढं बोलायला लागले, तेवढं अकरा बंकर असताना कधी बोलले नव्हते.

एक गोष्ट ऑगस्टाकडून अजिबात घेऊ नका. १९८२ पर्यंत मास्टर्सच्या खेळाडूंना क्लबाचेच कॅडी, म्हणजे बॅग वाहणारे सोबती, घ्यावे लागत, आणि ते सगळे कृष्णवर्णीय होते. कुठला उतार कसा खेळतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. मात्र मास्टर्समध्ये पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, १९७५ मध्ये उतरला. क्लबात पहिला कृष्णवर्णीय सभासद १९९० मध्ये आणि पहिल्या दोन महिला २०१२ मध्ये आल्या. ज्यांना जमीन ठाऊक, त्यांना बैठकीत जागा नाही, हे चित्र आपल्या क्लबांतही मी पुष्कळ पाहिलंय. तुमच्या कोर्सवर वीस-पंचवीस वर्षं काढलेले कॅडी असतील, माळी असतील. आराखडा कागदावर उतरण्याआधी त्यांच्याबरोबर नऊही होल चाला. चेंडू कुठे सुटतो, कुठे अडतो, कुठल्या कोपऱ्यात सूर्य पोचत नाही, सगळं ते सांगतील. समितीच्या बैठकीत त्यांच्यापैकी दोघांना बोलवा आणि मानाने खुर्ची द्या.

आता सहावं होल. तळं करण्याची घाई नको. काळ्या मातीत तळं धरेल, पण ग्रीन तसंच सखल राहिलं तर त्याच्या मुळाशी ओल कायम राहणार आणि गवत कुजणार. मला आधी हे बघायचंय की ऑगस्टाच्या दहाव्यासारखं ग्रीन मागे किंवा बाजूला चार-सहा फूट चढावर नेता येतं का. नेलं, तर रिकामी झालेली खोलगट जागा पावसाळ्यात पाणी घेईल, उरलेले आठ महिने बारीक कापलेलं गवत म्हणून खेळात राहील, आणि तिच्या कुठल्या बाजूने जायचं हा प्रश्न खेळाडूपुढे उभा राहील. नव्या ग्रीनखाली फुटभर वाळूचा थर, त्याखाली चार इंच खडी आणि छिद्रं पाडलेल्या पाइपांची जाळी, एवढ्यावर मात्र काटकसर करू नका. बंकरांचा पैसा इथे वळवा.

हे जमेल की नाही, ते जूनमधल्या पहिल्या दणक्या पावसात कळेल. त्या दिवशी छत्री आणि खुंट्यांची पिशवी घेऊन सहाव्यावर जा. पाणी जिथून येतं तिथे एक रंग, जिथे साचतं तिथे दुसरा, जिथून निघून जातं तिथे तिसरा, अशा खुंट्या ठोका आणि टीवरून, ग्रीनवरून आणि मागच्या चढावरून फोटो काढा. पाऊस थांबल्यावर किती तासांनी पाणी उतरलं तेही लिहून ठेवा. एवढं हातात असलं की ग्रीन नेमकं कुठे न्यायचं, ते मी रेघ मारून देईन.